पट्ट्यावरची जाळी

आमच्या घरी जेवणं उरकून पानाचा डबा फिरला की कुणीतरी म्हणतंच, "दादा, तुमच्या लिंबाखालचं काहीतरी सांगा." मी दोनदा नको-नको म्हणतो, कारण तसं म्हणायचं असतं, आणि तिसऱ्यांदा कुणी आग्रह करायच्या आत सुरू होतो. गोष्टी ठरलेल्या, हसायच्या जागा ठरलेल्या. आमची मंडळी तर मी तोंड उघडायच्या आधीच पदर तोंडाला लावून बसते. यंदा पुतणीनं फर्मान काढलं, की आमच्या दिवाळी अंकाला हलकंफुलकं काही हवंय, ते अस्वलाचं लिहून द्या. अस्वलाचं लिहितो. पण ते लिहिताना दुसरंच एक आठवत बसलो, जे मी घरात अर्धंच सांगत आलो. आता पूर्ण लिहितो. हलकं नाही झालं तर पुतणीनं समजून घ्यावं.

मी अर्जनवीस होतो. आजच्या पोरांना हा शब्द सांगितला की ती माझ्याकडे एखाद्या किल्ल्यातल्या तोफेकडे पाहावं तसं पाहतात. त्यांचंही बरोबर आहे. निजामी गेली, कचेरीतली उर्दू गेली, आणि मी, जिल्ह्यातला नावाजलेला लिहिणारा, एका दिवसात जवळजवळ निरक्षर झालो. सध्या लातूरला एका शाळेच्या कचेरीत जावक बारनिशी सांभाळतो. पत्रं दुसरे लिहितात, मी त्यांच्यावर आकडा टाकतो.

तेव्हा मात्र रुबाब होता. अदालतीची भाषा उर्दू, आणि येणारा माणूस मराठी बोलणारा; बिलोलीकडचा असला तर अर्धं तेलगू. त्याचं तोंड आणि मुन्सिफसाहेबांचा कान यांच्यामध्ये एक माणूस लागायचा, तो मी. नांदेडच्या अदालतीसमोर लिंबाचं झाड होतं. त्याखाली माझी सतरंजी, पत्र्याची पेटी, बरूच्या लेखण्या, दौत आणि अंगठ्याच्या शाईची गादी. मी लिहायचं, गिऱ्हाइकानं अंगठा उठवायचा आणि काळा झालेला अंगठा लिंबाच्या खोडाला पुसायचा. बसल्या माणसाचा हात पोचेल तिथवर ते खोड निळंकाळं झालं होतं. मी म्हणायचो, सगळा जिल्हा माझ्या झाडावर सही करून गेलाय.

तर अस्वल. इस्लापूरकडचा एक गडी आला. म्हणाला, "मुन्शीजी, जंगल कुणाचं?" म्हटलं, "सरकारचं." "मंग अस्वल कुणाचं?" म्हटलं, "तेही सरकारचंच धर." "हां. तर सरकारचं अस्वल आमची मोहाची फुलं रोज खाऊन जातंय. सरकारनं आपलं अस्वल बांधून घालावं, असं लिव्हा." मी लिहिलं. वर सरकारची बावीस विशेषणं, मध्ये अस्वल, खाली हात जोडलेले. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की सदर अस्वलाची नोंद आमच्या दफ्तरात नाही. तो गडी म्हणाला, "म्हंजी बेवारशी हाय? मंग मी मारतो." इथं आमच्या घरात सगळे हसतात.

अर्जाची घडण सांगतो, ती पुढे लागणार आहे. अर्जाला डोकं, पोट आणि पाय असायचे. डोक्यात हुजुरांचा मानमरातब, पोटात तक्रार, आणि पायाशी माझा दाखला: 'अर्जदारास त्याच्या भाषेत वाचून दाखवलं, समजावून दिलं, त्यानं बरोबर असल्याचं कबूल केलं.' त्याखाली माझी सही आणि परवान्याचा नंबर. हा दाखला खोटा निघाला तर परवाना जायचा. पण वाचून कोण दाखवतंय! गिऱ्हाइकाला घरी जायची घाई, मला पुढचं गिऱ्हाईक. मी उर्दूतच एकदा ठसक्यात वाचायचो, समोरचा मान डोलवायचा, झालं समजावून. लोकांनाही ते आवडायचं. जितकं कमी कळे तितका कागद वजनदार वाटे.

आणि मरणाचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणीही मेलेला असो, अर्जात तो 'बकजाए इलाही फौत' व्हायचा, म्हणजे ईश्वराच्या हुकुमानं वारला. पटकीनं गेलेला, साप चावलेला, विहिरीत पडलेला, भावानं कुऱ्हाड घातलेला, सगळे माझ्या लेखणीखाली ईश्वराच्या हुकुमानंच वारले. नुसतं 'मेला' लिहिणं अदबीला सोडून होतं. उस्तादांनी शिकवलं तसं मी लिहायचो, आणि त्यातलं 'इलाही' असं वळणदार काढायचो, की अदालतीतला कारकून, पेशकार, कागद उजेडाला धरून बघायचा.

गिरजाबाई आली ती कापसाच्या हंगामात. पंचविशीची असेल. बरोबर सासरा, लिंबाजी. बिलोलीच्या पलीकडचं गाव. थोडी जमीन होती, पण हंगामात तिचा नवरा मारोती नांदेडच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला यायचा. लातूर म्हणा, नांदेड म्हणा, तेव्हा कापसातली सरकी काढणारे हे कारखाने चार महिने धडधडत असायचे. एका मोठ्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे फिरायचे आणि त्यांच्यावर यंत्रं चालायची. त्या पट्ट्यात मारोतीच्या खांद्यावरचं उपरणं अडकलं. यंत्र थांबेपर्यंत काही उरलं नव्हतं.

लिंबाजी झाडाकडे बघत बसला. बोलली तीच.

"मुन्शीदादा, पट्ट्यावर लाकडी जाळी असती. मानसाचं धोतर-बितर जाऊ न्हाई म्हनून. ती दसऱ्यालाच मोडली व्हती. आमच्या मालकानी मुकादमाला दोनदा सांगितलं. घरी येऊन मला बी सांगितलं. आन् आता कारखान्यावाले म्हनतेत, शिंदी पिऊन आला व्हता. माळ व्हती त्याच्या गळ्यात. पट्ट्यानं ती बी तोडली."

"म्हणजे भरपाईचा दावा करायचा," मी म्हणालो. कामावर मेलेल्याच्या वारसाला भरपाई मिळावी असा कायदा रियासतीत नुकता आला होता. मी तो वाचला नव्हता, पण त्याचं नाव मला उच्चारता येत होतं.

"भरपाई द्यावी, पोरगी हाय एक. पर आधी लिव्हा, की त्यो प्यालेला नव्हता. जाळी नव्हती. गावात लोक मामांना म्हनतेत, तुमचं पोरगं बेवडं निघालं. मामा देवळात जायचे बंद झाले."

मामा म्हणजे लिंबाजी. त्यानं तेव्हा पहिल्यांदा मान वळवली आणि पुन्हा झाडाकडे केली.

"वकील द्यावा का?" तिनं विचारलं.

आता इथं मी जे बोललो ते लिहिताना लेखणी अडते. मी म्हणालो, "बाई, माझा कागदच वकिलासारखा बोलतो."

आणि लिहिला, फार सुंदर लिहिला. पोटात जाळी घातली, मुकादम घातला, दोनदा दिलेली खबर घातली. एकही मुद्दा सोडला नाही, हे मी आजही सांगतो. मग छाती पुढे काढून उर्दूत वाचून दाखवला. लिंबाजीनं मान डोलवली. गिरजाबाईनं नाही.

"जाळी कुठं आली ह्याच्यात?"

मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या ओळीकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आन् वर ते इलाही का काय म्हनले, ते काय हो?"

"ते रीतीचं असतंय. मेलेल्या माणसाच्या आधी लिहायचं असतंय."

"म्हंजी काय लिव्हलंय?"

"म्हणजे... देवानं नेलं, असं."

"देवानं न्हाई नेलं," ती म्हणाली. "पट्ट्यानं नेलं."

मी हसलो. बाजूचा चहावाला हसला. मी तिला समजावलं, की बाई, सगळ्याच कागदात असतंय हे, बादशहा गेला तरी असंच लिहितेत, ह्यानं तुझ्या मालकाचा मान वाढतो. ती म्हणाली, "खोडा न्हवं ते." मी म्हणालो, "खोडलेला कागद अदालत घेत नाही. नवा मुद्रांक लागंल." हे अर्धं खरं होतं. खाडाखोड चालायची, बाजूला सही केली की झालं. पण त्या 'इलाही'चं वळण फार छान उतरलं होतं.

तिनं अंगठा उठवला. मी म्हटलं, पुस झाडाला. तिनं पुसला नाही. हात अंगापासून लांब धरून ती उठली. सासऱ्याला म्हणाली, "पुसला तर कागदावरचं बी जाईल." तशीच, हात पुढे धरून, ती मोटारीच्या अड्ड्यापर्यंत गेली. मी पायाशी दाखला लिहिला: वाचून दाखवलं, समजावून दिलं, कबूल केलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी ही गोष्ट सांगितली. "देवानं न्हाई नेलं, पट्ट्यानं नेलं!" अगदी तिच्या आवाजात. सगळे पोट धरून हसले. माझी आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "खरंच आहे की तिचं." मी म्हणालो, "आई, तुला उर्दू येत नाही."

पेशीच्या दिवशी मी आत जाऊन उभा राहिलो. तशी गरज नव्हती, पण आपला कागद वाचला जाताना ऐकायची मला हौस. मुन्सिफसाहेब म्हातारे, दमेकरी, भला माणूस. कारखान्याचे वकील मऊ आवाजाचे. मुकादम साक्षीला. त्यानं सांगितलं, की मारोतीच्या तोंडाला शिंदीचा वास येत होता.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "वो छोडो. जाली थी के नही थी?"

"थी, सरकार."

"साबूत थी?"

मुकादम घुटमळला. "साबूत... नही, सरकार. जरा टूटी हुई थी."

"कब से?"

"दसरे के आगे पीछे से."

साहेबांनी ते लिहून घेतलं. गिरजाबाईला उर्दू कळत नव्हती, पण 'दसरे' कळलं. तिनं लिंबाजीचा हात धरला. मीसुद्धा मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. कागद बोलत होता की नाही?

मग वकील उठले. अगदी अदबीनं म्हणाले, की हुजूर, गरिबाबद्दल सर्वांनाच दया आहे. पण दाव्याचा पाया एकच, की मरण कारखान्याच्या हयगयीनं आलं. आणि अर्जदार बाई स्वतः काय म्हणते? त्यांनी माझा कागद उचलला आणि माझ्यापेक्षाही सुरेख आवाजात वाचलं: 'बकजाए इलाही फौत.' ईश्वराच्या हुकुमानं. बाईचा अंगठा आहे खाली. वाचून दाखवल्याचा, कबूल केल्याचा दाखला आहे. बाई स्वतःच म्हणते की हे देवाचं करणं, मग माझ्या अशिलाचा गुन्हा तो कुठला?

अदालतीत कुणी हसलं नाही. साहेबांनी कागद मागून घेतला.  मग मला पुढे बोलावलं.

"ये तुम्हारी तहरीर है?"

"जी, हुजूर."

"ये जुमला तो तुम लोग हर कागज में लिखते हो ना?"

भल्या माणसानं दार उघडून धरलं होतं. मला फक्त पाऊल टाकायचं होतं. हो हुजूर, ही आमची रीत, बाईचे हे शब्द नाहीत, बाईनं तर हे खोडायला सांगितलं होतं, इतकं म्हटलं असतं की झालं असतं. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग हा दाखला कसा दिला? कबूल केलं असं कसं लिहिलं? परवाना जाणार होता. घरी आई, बायको, दोन लेकरं. ही यादी मी तेव्हा मनात म्हटली आणि नंतर अनेक वर्षं म्हणत आलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी लेकरं आठवली नाहीत. सगळ्या लिहिणाऱ्यांसमोर आपण खोटे ठरू, एवढंच आठवलं.

साहेबांनी पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारलं. "पढ के सुनाया था? बाई ने कबूल किया?"

मी मान खाली घातली. "पढ के सुनाया था, हुजूर. कबूल किया."

साहेबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लेखणी उचलली.

बाहेर आल्यावर गिरजाबाईनं विचारलं, "काय इचारलं सायबानी तुमाला?"

"नाव विचारलं," मी म्हणालो.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. दावा खारीज. जाळी तुटलेली असल्याची नोंद होती, पण बाईचंच म्हणणं ईश्वरी हुकुमाचं म्हटल्यावर हयगय शाबीत होत नाही, असं होतं. तिला ते पेशकारानं सांगितलं, मराठीत. मी तेव्हा झाडाखाली होतो आणि पेटीत काहीतरी शोधत होतो. कारखान्याचा माणूस तिच्या मागे आला. मालक मेहेरबानीनं काहीतरी देतील म्हणाला, फक्त एका कागदावर अंगठा दे, की नवरा प्यालेला होता. ती म्हणाली, "पुन्ना अंगठा न्हाई." सासऱ्याला घेऊन माझ्या सतरंजीसमोरूनच गेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी ते वाक्य लिहिणं सोडलं. सापानं मेला तर साप लिहायचो, कुऱ्हाडीनं मेला तर कुऱ्हाड. आणि वाचून दाखवू लागलो, मराठीत, ओळ न् ओळ. त्यात वेळ जायचा. गिऱ्हाईक कुरकुरायचं. "मुन्शीजी, पहिल्यासारखं वजन न्हाई राहिलं तुमच्या कागदात," म्हणायचं. पलीकडच्या झाडाखाली एक नवा पोरगेला अर्जनवीस बसला होता, माझ्याकडूनच शिकलेला. त्याचा 'इलाही' फार छान यायचा. गिऱ्हाईक तिकडे गेलं. घरात मी म्हणायचो, की काय करता, नवी पिढी. ती 'पट्ट्यानं नेलं'ची गोष्टही सांगत राहिलो, तिथवरचीच, हसण्यापर्यंतची. एखाद्या गोष्टीवर चारचौघं हसली की ती थांबवता येत नाही, हे एक कारण. दुसरं कारण असं, की आपणच तिच्यावर हसत राहिलो तर ती आपल्यावर उलटणार नाही, असं मला वाटायचं.

तीन-चार वर्षांनी, निजामी जायच्या थोडं आधी, गिरजाबाई पुन्हा आली. केस कानापाशी पांढरे. बरोबर मुलगी, आठेक वर्षांची. मी पाहिलं आणि पेटी आवरायला घेतली. ती सरळ येऊन सतरंजीवर बसली.

"मामा गेले," म्हणाली. "जमिनीचा वारसा लावायचाय. पोरीच्या नावानं."

मी म्हणालो, "तो पलीकडे आहे ना, तो चांगलं लिहितो."

"तुमीच लिव्हा."

मी लिहू लागलो. कसे गेले विचारलं.

"निजले व्हते. सकाळी चहाला हाक मारली तर उठले न्हाईत. तोंडावर काई न्हाई, लेकरासारखे. आदल्या दिवशी देवळात जाऊन आले व्हते." मग म्हणाली, "ह्यांना खरंच देवानं नेलं. हितं लिव्हा तुमचं ते. हितं शोभतंय."

इतक्या दिवसांत ते वाक्य लिहिलं नव्हतं. लिहिलं. सवय गेल्यामुळे 'इलाही' बिघडला. मग मी सगळा अर्ज तिला मराठीत वाचून दाखवला, प्रत्येक ओळीला थांबून. ती प्रत्येक ओळीला "हां" म्हणत गेली. शेवटी दाखला आला. वाचून दाखवलं, समजावून दिलं. तिथं मी कागद खाली ठेवला.

"गिरजाबाई, त्या दिवशी साहेबांनी मला नाव विचारलं नव्हतं."

"ठाव हाय," ती म्हणाली. "नाव इचारल्यावर कुनी मान खाली घालत न्हाई."

  तिची मुलगी झाडाच्या खोडावरचे डाग बोटानं मोजत होती.

"कारखान्यात जाळी बसवली त्यांनी," ती म्हणाली. "आता जाऊन पाह्यली. बाहेरून दिसती, दारातनं. सागाची हाय. चांगली मजबूत हाय."

मी शाईची गादी पुढे सरकवली. तिनं अंगठा उठवला, कागद नीट आहे का पाहिलं, आणि मग हात लांब करून तो अंगठा लिंबाच्या खोडाला पुसला, दोनदा.